सात खो

साताऱ्याकडची एक नर्स कुवेतमध्ये फुटबॉल शिकवायची असं ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "खरंच?" खरंच. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढे आठ-नऊ वर्षं, दर शुक्रवारी सकाळी, खैतानमधल्या एका वाळूच्या मैदानाच्या कडेला पंजाबी ड्रेस आणि दवाखान्यातले पांढरे बूट अशा अवतारात उभी राहून मी दहा-पंधरा कोकणी पुरुषांवर ओरडत होते. ते ऐकतही होते. नवरा घरी ऐकायचा नाही, पण तिथे ऐकायचा. माझी मुलगी आता मैत्रिणींना सांगते, "माय मॉम वॉज अ कोच," आणि मग मला विचारते, "पण तुला कोणी अपॉइंट केलं होतं?" ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मी तेव्हा जाब्रियातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होते. माझ्याकडे नजरेचा आवाका मोजायचं मशीन होतं. रुग्णाने हनुवटी टेकवून एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात बघत राहायचं. वाडग्यात इकडेतिकडे बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. शेवटी एक कागद छापून येतो, त्यात जिथलं दिसत नाही ती जागा काळी. काचबिंदूच्या माणसाची नजर कडेकडून जाते, त्यामुळे त्याचा कागद कडेने काळा होत आत येतो.

एका दुपारी एक उंच, वाळका, लालबुंद गोरा म्हातारा आला. स्कॉटलंडचा. बटण दाबायला लागला आणि मला दोन मिनिटांत कळलं की हा लबाडी करतोय. दिवा बदलताना ते जुनं मशीन बारीक 'टिक' करायचं. हा गृहस्थ टिक ऐकून बटण दाबत होता, दिवा दिसो न दिसो. मी मशीन बंद केलं आणि म्हटलं, "ही कानांची तपासणी नाही, डोळ्यांची आहे." पकडलेल्या पोरासारखा तो हसला. पुन्हा तपासणी केली, पुन्हा तेच. शेवटी मी कागदावर 'रुग्ण भरवशाचा नाही' असा शेरा मारला. डॉक्टरांनी काचबिंदूचे थेंब दिले, आणि दर दोन महिन्यांनी यायला सांगितलं.

पुढच्या खेपेला त्याने स्वतःच सांगितलं. तरुणपणी तो फुटबॉल खेळायचा, मग देशोदेशी फिरून शिकवायला लागला आणि शेवटी कुवेतला आला. युद्धानंतर क्लबांनी नवी माणसं घेतली, म्हणून आता सलव्यातल्या एका शाळेच्या खेळसाहित्याच्या खोलीचा तो रखवालदार होता. चेंडूत हवा भरायची, जाळ्या शिवायच्या. नोकरी वसंतापर्यंत. त्यानंतर वयामुळे त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढणार नव्हता.

मी आपलं बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, "माझा नवरा गोलकीपर आहे. गेल्या शुक्रवारी त्याने नऊ गोल खाल्ले."

"का?"

"कारण बाकीचे दहाजण दाणे टाकल्यावर कोंबड्या धावाव्यात तसे चेंडूमागे धावतात."

त्याने थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं, डोळे पुसले आणि विचारलं, "शुक्रवारी किती वाजता?"

माझा नवरा सिंधुदुर्गातला, एका कंपनीत इलेक्ट्रिशियनचा फोरमन. संघातले बाकीचे त्याच्याच गावाकडचे, काँट्रॅक्टवर आलेले. प्लंबर, सुतार, वेल्डर, एका खोलीत सहा-सहा जण राहणारे. एकजण तेवढा दापोलीकडचा मुसलमान. खैतानला त्याचा बकाला होता, म्हणजे किराणा दुकान, आणि पोट चांगलं सुटलेलं असूनही तो वाऱ्यासारखा पळायचा. संसारासकट तिथे राहणारे आम्हीच दोघं, त्यामुळे मी सगळ्यांची वैनी. शुक्रवारी मैदानावर चहाचा थर्मास आणि घावनांचा डबा माझ्याकडे असायचा. आमच्याविरुद्ध खेळायला गोवेकरांचा संघ. ते फुटबॉल खेळत खेळतच मोठे झालेले. वर त्यांची कोंकणी आणि आमच्या लोकांची मालवणी जवळची, त्यामुळे ते टिंगल करायचे ती पूर्ण कळायची. हे मात्र माझ्या फार जिव्हारी लागायचं. हरा, पण समजेल अशा भाषेत हसू करून घेऊ नका.

म्हातारा पहिल्या शुक्रवारी टॅक्सीने आला. घडीची खुर्ची मांडून बसला. तोंडावर त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणायचे, तिथे कोचला असंच म्हणतात, आणि पाठीमागे 'म्हातारो'. अर्धा तास खेळ बघून त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि मला दुभाषी केलं. त्याचं इंग्रजी म्हणजे तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. तो बराच वेळ बोलला. चेंडू संकटात सापडल्यावर भिरकावून द्यायचा नसतो, तो आपल्या माणसाच्या हाती सोपवायचा असतो, सोपवला की पुढचा पळणार, तो थकायच्या आत पुढच्याला देणार. तो बोलत होता, पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला एवढं सगळं सांगायचा कंटाळा आला. मी म्हटलं, "अरे, खो द्यायचा!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. प्लंबर म्हणाला, "असा होय! मगे म्हाताऱ्यान आदीच सांगूचा नाय?"

मी एका शब्दात काम केलं म्हणून खूश. शाळेत मी खो-खोत जिल्ह्यापर्यंत गेले होते, ते मला वाया गेलंसं वाटायचं. ते आज कामी आलं.

खेळात फरक पडला. 'खो!' अशी आरोळी येऊ लागली, चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. पण त्यापुढे गाडी हलेना. चेंडू दिला की देणारा जागच्या जागी खांबासारखा उभा. कॅप्टन खुर्चीतून ओरडायचा, "मूव्ह! मूव्ह!" मी ओरडायचे, "हला रे, हला!" ते एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे हलायचे आणि परत जागेवर यायचे. गोवेकर पोट धरून हसायचे. दोन महिने हे चाललं. दोन महिने! त्याच्याकडे होतेच मुळी पाच.

आणि या दोन महिन्यांत त्याचा खरा कागद आणखी काळा झाला असणार हे एकट्या मला ठाऊक होतं. त्याने मला शपथ घातली होती, "मुलांना सांगू नका. आंधळ्या कोचचं कोण ऐकेल?" मी त्याच्या खुर्चीशेजारी वाळूत बसायचे. तो समोर बघायचा आणि हळूच विचारायचा, "डावीकडे काय?" मी सांगायचे, "डावीकडे सुतार मोकळा आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही." "उजवीकडे?" "उजवीकडे बकालावाला बुटाची नाडी बांधतोय." असं त्याला सांगता सांगता मी फुटबॉल शिकले. आधी मला चेंडू तेवढा दिसायचा, मग हळूहळू मोकळी जागा दिसायला लागली.

या सगळ्यातून त्याला हवं काय होतं? एकदा त्याने मला स्पष्ट सांगितलं. त्याचा आजोबाही फुटबॉलवाला. स्कॉटलंडमधल्या त्या पहिल्या पिढीतला, जेव्हा बाकीच्या ठिकाणी ज्याच्याकडे चेंडू तो एकटाच नाक खाली घालून पळत सुटायचा आणि हे लोक मात्र एकमेकांना चेंडू देत खेळायचे. आजोबा तो खेळ शिकवायला समुद्रापार कुठल्यातरी शहरात गेला, तिथल्या गिरणीतल्या पोरांना शिकवलं आणि परत आलाच नाही. याच्या पाकिटात त्याचा एक फोटो होता. मिशाळ माणूस, गुडघ्याखाली येणारी चड्डी, मागे पोरांच्या तीन रांगा.

"आजी म्हणायची, जगाच्या पोरांना शिकवलं, स्वतःच्या पोराला तेवढं नाही," तो म्हणाला. "मी त्याचा खेळ कधी पाहिला नाही. मी शिकवलेल्या संघांनी चषक जिंकले, पण ते हुकमाने खेळायचे. हुकूम थांबला की खेळ थांबायचा. मला एकदाच, आपण होऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिलेला चेंडू बघायचाय. डोळ्यांच्या कडा आहेत तोवर."

हे ऐकलं आणि मला त्या खांबासारख्या उभ्या राहणाऱ्या लोकांचा असा काही संताप आला की त्या दुपारी जेवताना मी तो नवऱ्यावर काढला. "चेंडू दिल्यावर मेल्यासारखे उभे का राहता रे सगळे? तो माणूस घसा फाडून ओरडतो, मी ओरडते, लाज नाही वाटत?"

नवरा माशाचा काटा बाजूला काढत शांतपणे म्हणाला, "अगो, तूच सांगलंस ना खो म्हणान? खो दिल्यार बसूचाच लागता. वाळूत बसलो तर पँट खराब होतली, म्हणान उभे रवतो."

माझा घास हातातच राहिला. खो-खोत खो देणारा, ज्याला खो दिला त्याच्या जागी बसतो. त्याचं धावणं तिथे संपतं. हे मला, जिल्ह्यापर्यंत गेलेल्या बाईला, सांगायला हवं होतं का? ते बिचारे नियमाने खेळत होते. गाढव होते ती मी. त्या म्हाताऱ्याच्या पाच महिन्यांतले दोन मी एका शब्दाने खाल्ले होते.

पुढच्या शुक्रवारी मी त्याला सगळं कबूल केलं. रडू येत होतं, ते रागाच्या आवाजात दाबून बोलले. मला वाटलं, आता हा खुर्ची मिटून जाणार. तो म्हणाला, "दाखवा तो खेळ."

मग खैतानच्या त्या मैदानात, जिथे एका बाजूला बांधकामाच्या पत्र्यांचं कुंपण होतं आणि गोलाचे खांब म्हणजे पाण्याचे गंजके पाइप, तिथे आम्ही खो-खो मांडला. एक ओळ करून, एक इकडे तोंड एक तिकडे तोंड असे सगळे वाळूत बसले, पँटची पर्वा न करता. मी ओढणी कमरेला खोचली. पंधरा वर्षांनी खेळत होते. धावत जाऊन प्लंबरच्या पाठीवर थाप मारली, "खो!" आणि तो असा उसळला की चप्पल तिथेच राहिली. गोवेकर आधी हसले आणि मग त्यांतले दोघे येऊन ओळीत बसले.

कॅप्टनने जरा वेळ मान इकडेतिकडे वळवत बघायचा प्रयत्न केला. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि नुसता ऐकत राहिला. आम्ही धापा टाकत थांबलो तेव्हा म्हणाला, "बसलेला माणूस बघतच नाही. मागून शब्द येतो आणि तो निघतो. एवढा विश्वास मी कुठल्याच खेळात पाहिला नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माझ्या आजोबाने घरी पत्रात लिहिलं होतं, ही पोरं आपसातल्या खेळात काय ओरडतात ते मला अकराव्या महिन्यात समजलं, त्यानंतर शिकवणं सोपं झालं. तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत. अर्थ मीच विचारला नाही."

इतकं चांगलं मला नवऱ्याने कधी माफ केलं नव्हतं.

त्या दिवसापासून नियम बदलला. मी ठणकावून सांगितलं, "खो द्यायचा, पण बसायचं नाही. इथे दोघांनी उठायचं. देणाऱ्याने पण आणि घेणाऱ्याने पण."

"म्हंजे बसूचा कोणी?" वेल्डरने विचारलं.

"बसायला मी आहे!"

आणि गाडी हलली. एकदम नाही. कधी दोघं एकाच जागी धावायचे, कधी जुनी सवय म्हणून एखादा उभा राहायचा आणि बाकीचे त्याच्या नावाने शिमगा करायचे. तीन खो व्हायचे, चार व्हायचे, चेंडू गोवेकरांकडे जायचा. एकदा पाच झाले तर सुतार मोजण्याच्या नादात चेंडूवरूनच पडला. मी खुर्चीशेजारी बसून डाव्या-उजव्याचा हिशेब देत होते, आणि कॅप्टन आता समोरचंही मान वाकडी करून शोधायला लागला होता. चहाचा पेला घेताना त्याचा हात पेल्याच्या बाजूला जायचा. मी पेला त्याच्या हाताखाली सरकवायचे आणि इकडे कोणाचं लक्ष नाही ना ते बघायचे.

वसंत आला. त्याचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. शेवटचा शुक्रवार, गोवेकरांशीच सामना. पोरांना एवढंच माहीत होतं की कॅप्टन चालला. मला माहीत होतं की ही त्याची शेवटची संधी. अर्धा खेळ संपला तेव्हा आम्ही दोन गोलांनी मागे होतो. सगळे घाबरून पुन्हा कोंबड्यांसारखे धावत होते. मी इतक्या शिव्या दिल्या की शेजारी बसलेल्या माझ्या लहान मुलीने कान झाकले.

मग आभाळ पिवळं झालं. तिथे त्या दिवसांत अशी धूळ अचानक उठते. दहा मिनिटांपूर्वी ऊन असतं आणि मग समोरची इमारत पुसल्यासारखी नाहीशी होते. मी मुलीला ओढणीत गुंडाळलं, कॅप्टनला म्हटलं, "उठा, गाडीत बसू." तो उठेना. रेफरीची शिट्टीही वाऱ्यात कुठेतरी गेली. आता मैदान नव्हतं, माणसं नव्हती, होता तो नुसता पिवळा वारा. मला रडायलाच आलं. या माणसाने मागितलं काय होतं, आणि शेवटच्या दिवशी धडधाकट डोळ्यांनाही दिसू नये!

तेवढ्यात आमच्या गोलाकडून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "खो!"

कॅप्टनने माझं मनगट धरलं.

मग डावीकडून, सुताराचा, "खो!" मग जरा पुढे, मधून, वेल्डर. मग पुन्हा सुतार, पण आता कितीतरी पुढून. दिला आणि उठला होता तो, बसला नव्हता! प्रत्येक आवाजाला म्हाताऱ्याची बोटं माझ्या मनगटावर आवळत होती. प्लंबर, मधोमध. मग पार उजवीकडून, धापा टाकणारा बकालावाला, "खो!" आणि पुन्हा प्लंबर. त्यानंतर काहीच नाही. नुसता वारा. आणि मग धाडकन पत्रा वाजला. गोवेकरांच्या गोलामागचा पत्रा.

"सात," कॅप्टन म्हणाला.

धूळ बसायला पंधरा-वीस मिनिटं लागली. सगळे पीठ चोळल्यासारखे दिसत होते. रेफरी म्हणाला, मी शिट्टी दिली होती, मला काही दिसलं नाही, गोल नाही. गोवेकर म्हणाले, चेंडू खांबाच्या बाहेरून गेला असेल. आमच्यात तर गोल मारला कोणी यावरूनच जुंपली. प्लंबर म्हणे, मीच लाथ मारली. बकालावाला म्हणे, शेवटचा पाय माझा. भांडण चालू असताना कॅप्टन खुर्चीचा आधार घेत उठला आणि त्याने एकेकाकडे बोट दाखवून ओळीने सांगितलं, आधी गोलकीपर, मग तू, मग तू, परत तू. एकही चुकला नाही. नवऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हाताऱ्याक ह्या धुळीत दिसला कसा?"

मी शपथ घातलेली बाई. म्हटलं, "अनुभव असतो माणसाला."

सामना कागदोपत्री आम्ही हरलो. टॅक्सीपर्यंत मी त्याला सोडायला गेले तेव्हा तो म्हणाला, "आज मैदानाच्या दोन्ही कडा दिसल्या." मी त्याला घावनांचा डबा दिला.

जायच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यात आला. तिकडच्या डॉक्टरांसाठी शेवटचा कागद हवा होता. त्याने हनुवटी टेकवली. मशीन टिकटिक करू लागलं आणि त्याने बटण दाबलं नाही. टिक, टिक, टिक. बराच वेळ काहीच नाही. मग कधीतरी एकदा बटण. मला वाटलं, झोपला की काय. वाकून बघितलं तर डोळा टक्क उघडा होता, आणि तो मनापासून दिवा शोधत होता. पहिल्यांदाच तो खरं सांगत होता. कागद छापून आला तेव्हा मधोमध नखाएवढी जागा पांढरी होती, बाकी सगळा काळा. डॉक्टर म्हणाले, "एकदम इतकं कसं बिघडलं?" एकदम नव्हतं ते. मी निर्जंतुकीकरणाच्या खोलीत जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन परत जागेवर येऊन बसले. त्या कागदावर मी 'रुग्ण भरवशाचा' असं लिहिलं. तसा शेरा आमच्याकडे कोणी लिहीत नाही.

बाहेर रांग होती. मी दाराकडे पाठ करून पुढच्या रुग्णाचं नाव भरत होते. मागे भिंतीला हात लावत कोणीतरी सावकाश येत असल्याचा आवाज आला. मला वाटलं, निरोप घ्यायला आला असेल, एवढी ओळ लिहून वळते. तेवढ्यात पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, हाताची थाप पडली.

"खो," तो म्हणाला.

मी वळून बघेपर्यंत तो माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला होता. नियमाप्रमाणे. मी उठले.